प्रयोगशाळेशिवाय संशोधन होतं का? मराठी, शिक्षणशास्त्र, कला या विषयांत पीएचडी करणारे नेमकं काय शोधतात?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही बुलढाणा जिल्ह्यातले, मराठी घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहात. पुढे संशोधन करायचं म्हटलं की घरचे म्हणतात, ते सायन्सवाल्यांचं काम, तू काय शोधणार, दहा पुस्तकं वाचून अकरावं लिहिणार. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध विभाग सांभाळते. रसायनशास्त्रापासून संगीतापर्यंत सगळ्या शाखांचे प्रबंध माझ्याकडे जमा होतात, आणि त्यातले बरेच मी हौसेने वाचतेही. त्या वाचनाच्या आधारावर सांगते.

प्रयोगशाळेशिवायही संशोधन होतं, आणि प्रयोगशाळेतल्याइतकंच काटेकोर होतं. कुठलाही विषय घ्या, संशोधकाला एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं: माझं म्हणणं चुकीचं असेल तर ते कुणाला आणि कशावरून कळेल? शाखेशाखेत फरक आहे तो ही पडताळणी कशी करायची यात.

तुमच्याच जिल्ह्यातलं लोणार घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा ज्वालामुखीने झाला की उल्का आदळून, हा वाद बराच काळ चालला होता. आजूबाजूला सगळा दख्खनचा काळा दगड, तो मुळात लाव्हारसाचाच, त्यामुळे ज्वालामुखी वाटणं साहजिक होतं. मग तळाशी भोकं पाडून काढलेल्या नमुन्यांत मास्केलिनाइट नावाची काच सापडली आणि १९७३ साली ते प्रसिद्ध झालं. जबर आघाताने खनिजाची आतली रचना मोडते तेव्हा ही काच होते. ज्वालामुखीत असा आघात होत नाही. कारणाचा वाद मिटला, वयाचा मात्र सुरू झाला. थर्मोल्युमिनेसन्स (नमुना तापवल्यावर निघणारा उजेड मोजण्याच्या) पद्धतीने मोजलं तेव्हा वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं, आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) मोजलं तेव्हा सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! दोन्ही वेळा माणसांनी आपण कसं मोजलं ते पायरी-पायरीने लिहून ठेवलं, म्हणून तर दोन आकडे समोरासमोर ठेवता येतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तर्कवितर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य असलेल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं.

हे झालं घरच्यांच्या मनातलं संशोधन. आता त्याच खळग्याच्या काठावर दुसऱ्या शाखेचा माणूस उभा करा. लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिराची शिल्पं कुठल्या घडणीची, कोणत्या काळातली, तिथला विष्णू लवणासुराला मारतो ती कथा पुराणात कशी आहे आणि भिंतीवर कशी, हे कलेच्या इतिहासाचं काम. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथामध्ये या जागेचा उल्लेख आहे, साबण आणि काच करायला लागणारा माल इथे मिळतो असा. तो व्यापार कुणाच्या हातात होता, कधी बंद पडला, हे इतिहासाचं आणि अर्थशास्त्राचं काम. आणि इथे तुमचा विषय येतो. सरोवरातून निघणाऱ्या क्षाराच्या प्रकारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावं होती, ती इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत आहेत. आज लोणारमध्ये आणि आसपास ही नावं कुणाच्या तोंडी आहेत? कुणाच्या नाहीत? अर्थ बदललेत का? याचं उत्तर कुठल्याही परीक्षानळीतून निघणार नाही. ते काढायला भाषेचं शिक्षण झालेला आणि त्या भागातली बोली कानावर असलेला माणूसच लागेल.

पुस्तकं वाचून पुस्तक लिहिणं, या आरोपाला सगळ्यात भक्कम उत्तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे सगळ्या पोथ्या ताडून जुन्यात जुना पाठ ठरवण्याचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. सुरू करणाऱ्यांपैकी बहुतेकांना शेवट पाहायला मिळाला नाही. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले वि. स. सुखटणकर १९४३ मध्ये गेले, पुढचं काम श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी तडीस नेलं. बाराशेहून जास्त हस्तलिखितं, त्यांच्या लिप्या शारदा, बंगाली, मैथिली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना तऱ्हांच्या. श्लोकागणिक सगळ्या पोथ्या ताडून पाहायच्या, कुठे काय वेगळं आहे ते टिपायचं.

यातलं खरं डोकं पुढे लागतं. बाराशे पोथ्यांपैकी खरी कुठली? बहुमत घेऊन चालत नाही, कारण एकाच चुकीच्या पोथीवरून शंभर नकला झाल्या असतील तर चूक शंभरदा मोजली जाईल. म्हणून आधी पोथ्यांची घराणी लावली: कुठली कुठल्या शाखेतून उतरली. मग असा विचार: काश्मीरमधली शारदा लिपीतली पोथी आणि केरळातली मल्याळम लिपीतली पोथी, दोन्ही देशाच्या दोन टोकांच्या, एकमेकींची नक्कल असण्याची शक्यता फार कमी. या दोघी एका जागी जुळल्या आणि मधल्या प्रदेशातल्या पोथ्यांत जास्तीचा मजकूर आढळला, तर तो मजकूर मागाहून आलेला असण्याचा संभव मोठा. सुखटणकर आधी केंब्रिजला गणित शिकले होते, आणि त्यांची प्रस्तावना वाचताना ते पानोपानी जाणवतं.

निष्कर्ष सोसायला सोपे नव्हते. व्यासांचा लेखनिक झालेला गणपती मूळ संहितेतून परिशिष्टात गेला. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावाही मूळ पाठात राहिला नाही. आपल्या कीर्तनांत, आजीच्या गोष्टींत पिढ्यान् पिढ्या असलेले हे प्रसंग. त्यांना बाजूला ठेवणारी माणसं स्वतः परंपरेत वाढलेली, तरीही पुराव्याने जे सांगितलं ते त्यांनी छापलं. आणि वगळलेला मजकूरही टाकून दिला नाही. तळटीपांत, परिशिष्टांत पोथ्यांच्या खुणांसह तो सगळा दिला, म्हणजे उद्या कुणाला त्यांचा निर्णय पटला नाही तर त्याने तोच पुरावा घेऊन वेगळा निर्णय करावा. यापेक्षा प्रामाणिक संशोधन मला विज्ञानाच्या प्रबंधांतही क्वचितच दिसलंय.

काही वेळा तपासायचं साहित्य कागदावर नसतंच, आधी ते गोळा करावं लागतं. जात्यावरच्या ओव्यांचं काम हे याचं फार मोठं उदाहरण. मूळचे फ्रान्सचे आणि पुण्यात स्थायिक झालेले गी पॉयट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून ओव्या टिपल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. दळणाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि गाणाऱ्या बाया म्हाताऱ्या होत चालल्या होत्या, त्या काळात हे झालं. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. ध्वनिमुद्रणं आहेत, संगणकावर विषयवार वर्गीकरण आहे आणि त्यात संगीताचा संगणकीय अभ्यास करणारे बेर्नार बेल यांचा हात आहे. आता हा संग्रह ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. या एका संग्रहात मराठीवाल्याला छंद आणि बोली सापडते, समाजशास्त्राच्या अभ्यासकाला सासर-माहेर, जात, कष्ट यांबद्दल बायका एकमेकींत काय बोलत होत्या ते सापडतं, आणि संगीतवाल्याला चाली. नाव-गाव नसतं तर यातलं निम्मं वाया गेलं असतं.

शिक्षणशास्त्राबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. त्यातली अडचण अशी की ज्याचा अभ्यास करायचा ते मूल रोज बदलतं, आणि पाहुणा वर्गात आला की शिक्षकही वेगळं शिकवतात. ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून चालवलेलं ‘असर’ हे ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताचं सर्वेक्षण पाहा. ते शाळेत न जाता घरी जातं, कारण शाळेत गेलात तर त्या दिवशी गैरहजर असलेली आणि शाळेत नाव नसलेली मुलं हातातून निसटतात. जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं, निवड ठरलेल्या पद्धतीने. मुलासमोर एकच कागद: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल सहज वाचू शकतं ती सगळ्यात वरची पायरी नोंदवायची. इतकी साधी चाचणी, पण पाचवीतली कितीतरी मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत हे तिनेच देशापुढे आणलं. पटावरची हजेरी म्हणजे शिक्षण, या समजुतीला धक्का बसला.

दुसऱ्या टोकाला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. त्यांच्या हातात आकडेशास्त्र नव्हतं. करून पाहायचं, जमलं नाही ते बदलायचं, सगळं लिहून ठेवायचं, ही त्यांची पद्धत. मला हे पूर्ण अर्थाने संशोधन वाटतं, आणि अंगणवाडी हा शब्द आज देशभर सरकारी कागदांवर आहे तो त्यातूनच आला. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले लोक तिसऱ्याच वाटेने गेले. मुलांना विज्ञान अवघड जातं, की पाठ्यपुस्तकातली मराठी अवघड जाते, हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे हाती घेतला. मराठीच्या विद्यार्थ्याला याहून जवळचा विषय कुठला असणार?

शाखांमधल्या भिंती आपण समजतो तितक्या जाड नाहीत. तबल्यातून सूर इतका स्वच्छ का निघतो, हे सी. व्ही. रामन यांनी तपासलं आणि १९२० साली प्रसिद्ध केलं. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर (मुख्य सुरासोबत उमटणारे वरचे सूर) एकमेकांशी जुळत नाहीत, शाईच्या, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या लेपाच्या वजनाने ते जुळून येतात. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे मिसळलेले आहेत, हे २०१६ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं गेलं. गिलावा इतकी शतकं टिकायला ते कारण असावं, असं संशोधकांचं म्हणणं. यात कला कुठे संपते आणि वनस्पतिशास्त्र कुठे सुरू होतं ते मला ठरवता येत नाही.

आता घरच्यांच्या म्हणण्यात जे खरं आहे तेही सांगायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या मराठीच्या प्रबंधांत कथानकं पुन्हा सांगणारे प्रबंध खूप असतात. पाच कादंबऱ्या, पाच प्रकरणं, शेवटी ‘लेखकाने समाजवास्तवाचे प्रभावी चित्रण केले आहे’. शिक्षणशास्त्रात शंभर शिक्षकांना प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, आणि साधनांची कमतरता आहे हे आधीच ठाऊक असलेलं उत्तर शेवटी लिहायचं. विज्ञान यातून सुटलेलं नाही. तिथे तोच प्रयोग दुसऱ्या गावच्या पाण्यावर करून आणखी एक प्रबंध होतो. या सगळ्यांत एकच उणीव दिसते: निकाल वेगळा लागण्याची वाटच ठेवलेली नसते. शाखा पाहून संशोधन कमी-जास्त ठरवणाऱ्यांना माझा विरोध आहे. ही उणीव पाहून ठरवायला माझी काही हरकत नाही, आणि ती दिसली की मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या विद्यार्थ्याची चार-पाच वर्षं त्यात गेलेली असतात.

पोटापाण्याचं म्हणाल तर एमए झाल्यावर नेटची (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) परीक्षा द्या. त्यातून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर दरमहा पाठ्यवृत्ती असते, आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएचडीसाठी अधिछात्रवृत्त्या आहेत. अटी दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावर पाहत जा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तोपर्यंत ‘शोधगंगा’ उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, मराठीतलेही भरपूर आहेत. पूर्ण वाचत बसू नका. संशोधन पद्धतीचं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण वाचा, आणि स्वतःला विचारा, याला उलट उत्तर मिळालं असतं तर ते कसं दिसलं असतं? ज्यात याचं उत्तर सापडेल तो प्रबंध मग पहिल्यापासून वाचा.

आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा लोणारला एक फेरी मारा. सत्तरीच्या पुढची माणसं गाठा, क्षाराची नावं विचारा. नावं तुम्ही आधी सुचवू नका, त्यांनाच बोलू द्या. परवानगी घेऊन फोनवर मुद्रित करा. सांगणाऱ्याचं वय, गाव, घरचा धंदा लिहून ठेवा. उच्चार जसा कानावर पडेल तसाच लिहा, प्रमाण मराठीत दुरुस्त करू नका. ‘आम्हाला नाही ठाऊक’ म्हणणाऱ्यांचीही नोंद ठेवा, ती तितकीच कामाची असते. जे हाती लागेल ते या उत्तराखाली लिहिलंत तर जुन्या नोंदींशी ताडून पाहायला मी नक्की मदत करेन.