चेटकिणीची गोष्ट मुलांना रोज का हवी असते?

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. रोज रात्री त्याला ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’चीच गोष्ट हवी असते. आईबाप मुलांना रानात सोडून येतात, चेटकीण त्यांना खायला निघते आणि शेवटी भट्टीत जळून मरते, हे सांगताना माझाच जीव कासावीस होतो. मध्यंतरी मी चेटकिणीला माफी मागायला लावली, तर तो रागावून उठून बसला. ही गोष्ट मुलांना इतकी का आवडते? ती सौम्य करून सांगावी का? – एक आई, नाशिक

उत्तर : गोष्ट बदलू नये असे माझे स्पष्ट मत आहे आणि तुमच्या मुलाचा राग मला अगदी रास्त वाटतो.

या कथेतली सर्वांत मोठी भीती चेटकिणीची नाही. घरात खायला उरले नाही म्हणून आईबाप आपल्याला टाकून देतील, ही पहिल्याच प्रसंगातली भीती त्याहून खोल आहे. गर्दीत आईचा हात क्षणभर सुटला तरी ती लहान मुलाच्या मनात उसळून येते, पण तिच्याविषयी बोलणे त्याला जमत नाही. गोष्ट ते त्याच्या वतीने बोलते. मोठ्यांनाही ही भीती सोसवत नाही, हे ग्रिम बंधूंच्या संग्रहातच दिसते : १८१२च्या पहिल्या आवृत्तीत मुलांना रानात सोडायला लावणारी त्यांची सख्खी आई होती, १८४०च्या आवृत्तीत ती सावत्र झाली.

आता ग्रेटेलकडे पाहा. सुरुवातीला ती फक्त रडते. चांदण्यात चमकणारे खडे वाटेवर टाकण्याची युक्ती हॅन्सेलची असते. पुढे तो कोंडला जातो आणि सगळा भार हिच्यावर येतो. भट्टी तापली का ते आत शिरून पाहा, असे चेटकीण सांगते, तेव्हा ‘कसे शिरायचे ते मला कळत नाही’ असे म्हणून ती चेटकिणीलाच पुढे वाकायला लावते. परतताना पाणी ओलांडायचे असते, तेव्हा दोघांचे ओझे बदकाला पेलणार नाही, एकेकाने जाऊ, हेही तिलाच सुचते. रडणारी धाकटी मुलगी दुसऱ्या जिवाची काळजी घेण्याइतकी मोठी झालेली असते, आणि ऐकणारे मूल रोज रात्री तिच्याबरोबर तेवढेच मोठे होते. माफी मागणाऱ्या चेटकिणीने तिचा हा पराक्रमच हिरावून घेतला.

जळण्याच्या प्रसंगाने तुम्हाला जेवढा त्रास होतो, तेवढा मुलाला बहुधा होत नाही. लोककथांचे स्विस अभ्यासक मॅक्स ल्यूथी यांनी दाखवून दिले आहे की या कथांतली माणसे सपाट असतात, त्यांच्या शरीराला आणि मनाला आपल्यासारखी खोली नसते. हातपाय तुटले तरी रक्त वाहत नाही. मुलाला तिथे वेदना दिसत नाही, संकट कायमचे संपलेले दिसते. शिवाय ऐकलेल्या गोष्टीतली चेटकीण ज्याला जेवढी झेपेल तेवढीच भयानक होते. पडद्यावर ही सवलत नसते, म्हणून या वयात मी चित्रपटापेक्षा सांगितलेली गोष्ट निश्चितच पसंत करीन.

रोज तीच गोष्ट मागण्याचेही नवल नाही. दाराबाहेरच्या काऊला चिऊ ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ असे सांगते, ते वाक्य जरा इकडेतिकडे झाले तरी आपली मुले लगेच टोकतात. पुढे काय होणार हे पक्के ठाऊक असल्यामुळेच मूल धीटपणे घाबरून घेऊ शकते.

तरीही मूल स्वतःहून ‘पुरे’ म्हणत असेल किंवा दिवसाही घाबरू लागले असेल, तर ती गोष्ट काही महिने बाजूला ठेवावी. तुमच्या पत्रात तशी चिन्हे दिसत नाहीत. फक्त उशीर झाला म्हणून गोष्ट भट्टीपाशी तोडू नका. भावंडे घरी पोहोचेपर्यंत सांगा, कारण निम्म्यावर सोडलेली भीती मात्र मुलाची झोप खरोखर उडवू शकते.