एका बोटाचा निवांत गेम: आधी उडी जमव

भाऊ, फोनवर एका हातानं खेळायचा, उड्या मारत पळायचा निवांत गेम तुला बनवायचाय. त्यासाठी तू ठरवलेला सातपुड्याच्या पायवाटा आणि रावेरच्या केळीच्या बागा हा देखावा झकास आहे, पण चित्रं काढायला आत्ताच बसू नको. आधी एक करडा चौकोन घे आणि त्याची उडी जमव. गोडो इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, तेवढं पुरे.

उडीत दोन सवलती हव्यातच. कडा सुटल्यावरही साधारण 0.1 सेकंद उडी मारता आली पाहिजे. याला कायोटी टाइम म्हणतात. आणि जमिनीला टेकायच्या जरा आधी बोट लागलं, तरी टेकताच उडी बसली पाहिजे. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये 0.1 सेकंद म्हणजे जेमतेम 6 फ्रेम. खेळणाऱ्याला ते जाणवत नाही, पण नसलं की तो म्हणतो, "बटणच चालत नाही."

एका हातासाठी:
- पळणं आपोआप, बोटाकडे फक्त उडी. निन्टेंडोचा 2016 चा सुपर मारिओ रन असाच आहे.
- बोट लगेच उचललं तर लहान उडी, धरून ठेवलं तर मोठी.
- अख्खा स्क्रीन हेच बटण. कोपऱ्यात ठेवलंस तर डावखुऱ्यांचे हाल.

नवखे हमखास फसतात ते इथे: निवांत गेम म्हणायचं आणि काटे, घड्याळ, तीन जीव घालायचे. पडला तर दोन पावलं मागून पुन्हा सुरू, बस्स. दुहेरी उडी, शत्रू वगैरे सध्या राहू दे.

चाचणी जळगाव-चोपडा एसटीत उभ्यानं कर, एका हातात दांडा धरून. मग फोन मावशीच्या हातात दे आणि तोंडातून अवाक्षर काढू नको. ती जिथे अडेल तिथे लेव्हल बदल.