मूळ गावाच्या रकान्यात दोन्ही गावं लिही

पोरा,

मेसेज वाचला तुझा. बापाकडचे छत्तीसगडातल्या दुर्गकडचे, आईकडचे काटोलचे, आपण जन्मलो नागपुरात, मग फॉर्मवर मूळ गाव काय लिहू, आणि हॉस्टेलवर पोरं बाहेरचा म्हणतात. हे शेवटचं वाचून डोकंच फिरलं माझं.

बाहेरचा कसा रे? तुझे पणजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला आले तेव्हा दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होतं, राजधानी नागपूर! दोन्हींच्या मधे राज्याची सरहद्द पडली 1 नोव्हेंबर 1956 ला, तोवर त्यांची इथे बिऱ्हाडं थाटून झाली होती. कोण कुठून आलं ते सोड, कुठे राबलं ते बघ.

एम्प्रेस मिल 1877 ला सुरू झाली ती इकडच्याच कापसाच्या भरवशावर. तुझ्या आईची आजी काटोलकडच्या वावरात पऱ्हाटी वेचायची, वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसून बोटं सोलून निघतात, दिवाळीनंतर बायांचे हात बघ कधी. आणि इकडे पणजोबा भोंगा झाला की पाळीवर, घरी यायचे ते भुवयांवर कापसाची भुकटी घेऊन. दोन्ही घरं कापसावरच जगली आणि तू मला विचारतो मी कुठला! कुठे राबलं ते बघ म्हणतो ते यासाठी.

माझे भाऊ मला अजून ऐकवतात की वावर विकलं असतं तर आज नागपुरात मनीषनगरला दोन फ्लॅट असते. असते ना. नाही विकलं. संत्र्याला मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात पाणी तोडून ताण द्यावा लागतो आणि नेमका मे मध्ये अवकाळी पडला की ताण तुटतो, फूलच धरत नाही, वर्ष गेलं. अशी वर्षं गेली माझी, तरी विकलं नाही, कारण तिथली विहीर माझ्या बापानं खोदली आहे. खडक लागल्यावर त्यानं काय केलं, सुरुंगाचे पैसे कुठून आणले, हे सांगणारं आता घरात कोणी उरलं नाही. ते सलतं मला. म्हणून तुझ्यामागे लागलोय, चिडू नको.

तुझी आजी आहे अजून. जाऊन बस तिच्याजवळ, फोनवर नाही. काटोल तहसीलीत कोतवाल पंजीची नक्कल माग, जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात त्यात. आजीच्या शाळेचं दाखलखारीज रजिस्टर बघ, आणि दुर्गकडे गेलास तर तिकडच्या मिसलमध्ये, म्हणजे जमिनीच्या जुन्या बंदोबस्ताच्या नोंदीत, पणजोबांच्या बापाचं नाव शोध. नाव सापडलं की तो कोणत्या वावरात, कोणाच्या वावरात राबला तेही लिहून घे, नुसतं नाव घेऊन येऊ नको.

तहसील शनिवारी बंद असते. एक दिवसाची रजा टाक.