नवा डिझेल ट्रक रस्त्यात सारखा बंद पडतो, दोष इंजिनाचा की डिझाइनचा?

ट्रक फार जुना नाही, सर्व्हिसिंग वेळेवर होतं, तरी दर काही महिन्यांनी रस्त्यात उभा राहतो, म्हणजे इंजिनच खराब निघालं का, असं तुम्ही विचारलंय. मी ट्रकदुरुस्तीतला माणूस आहे आणि माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. ब्लॉक, क्रँक, पिस्टन यांना ऑइल आणि कूलंट नीट मिळालं तर ते लाखो किलोमीटर चालतात. ट्रक अडवतात ते इंजिनाभोवतीचे पाइप, वायरी आणि सेन्सर. ते बिघडणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते अशा कोपऱ्यात बसवतात की तिथे हात जात नाही, आणि चीड येते ती याची.

चढाला पिकअप जातो, गचके देत इंजिन बंद पडतं, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होतं. फिल्टर बदलूनही हेच होत असेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप तपासा. ही बाजू ओढीची. इथे पाइपला बारीक चीर असली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि लोक चांगले इंजेक्टर काढून बसतात. मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात. मात्र जुन्या गाड्यांसारखा इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून एअर काढायला कॉमन रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना प्रचंड दाबाचं डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीवर, जाऊ नका. तिथला दाब दीड-दोन हजार बारच्या घरात जातो, ती धार कातडीतून आत शिरते.

ताकद गेली आणि काळा धूर येतोय? आधी इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीचे, होस आणि क्लॅम्प बघा, टर्बोवर संशय नंतर. कूलंट कमी होतंय, पण गळती दिसत नाही आणि धूर पांढरा आहे, तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) किंवा हेड गॅस्केट. अशा वेळी ‘जाऊ गॅरेजपर्यंत’ म्हणून गाडी पुढे रेटू नका.

आता धुरातले विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी युरियाची यंत्रणा, कारण तुमच्यासारख्या तक्रारी बऱ्याचदा इथेच येऊन थांबतात. टाकीतल्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी शुद्ध पाणी. ते उणे ११ अंशांना गोठतं म्हणून टाकीत हीटर लागतो. जिथे झिरपतं तिथे पांढरे खडे जमतात, कनेक्टरमध्ये शिरलं तर तांबं खातं. इथवर ठीक. पण बऱ्याच मॉडेलमध्ये पातळीचा सेन्सर, दर्जाचा सेन्सर, हीटर आणि ओढनळी असा सगळा एकच जुडगा असतो. एक सेन्सर गेला की अख्खा जुडगा बदला! त्यात सेन्सर खोटं सांगतोय की युरिया खरंच खराब आहे, हे कंट्रोल युनिटला बऱ्याचदा ओळखता येत नाही. ते आधी दिवा लावतं, मग ताकद कापतं. काही देशांच्या नियमांसाठी बनलेल्या ट्रकमध्ये वेग ताशी ८ किलोमीटरवर आणलेलाही आहे. प्रदूषण रोखायला माझी ना नाही. पण ठणठणीत इंजिनाचा ट्रक एका सेन्सरपायी भर रस्त्यात रांगायला लावणं हा माझ्या मते डिझाइनचाच दोष.

काजळीची जाळी, म्हणजे डीपीएफ, सारखी तुंबत असेल तर नुसती जाळी साफ करून भागत नाही. अडकलेली काजळी जाळायला धूर साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि तासन् तास आयडलिंगवर उभी राहणारी गाडी तेवढी तापत नाही. गळका इंजेक्टर किंवा ऑइल सोडणारा टर्बो असेल तर नवी जाळीही तुंबेल.

खड्ड्यात आदळल्यावरच दिवा लागत असेल तर सेन्सर बदलण्याआधी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ब्रॅकेटवर कुठे घासतोय ते शोधा, अर्थिंगचे नट घट्ट करा. आणि स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या, सोबत साठवलेली माहितीही. पुसल्यावर मिस्त्रीला पुन्हा शून्यापासून शोधावं लागतं.

पुढचा ट्रक घ्याल तेव्हा केबिन टिल्ट करायला सांगा. स्टार्टर, फिल्टर आणि युरियाचा पंप यांच्यापर्यंत पाना पोचतो का, ते स्वतः हात घालून बघा.