पायात उतरणारी कळ आणि पहाटेचे सूर्यनमस्कार

पत्र: ताई, वय ४३. तीन आठवडे झाले, उजव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ जाते, पायाला मुंग्या येतात. डॉक्टरांनी तपासून मणक्यातली गादी सरकल्यामुळे सायटिका झाल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या. सासूबाई म्हणतात, महिनाभर अंथरूण सोडू नकोस. मैत्रीण म्हणते, सूर्यनमस्कार घाल, शीर मोकळी होईल. चार दिवस पहाटे उठून घातले. वाकल्यावर छान ताण बसायचा, पण रात्री कळ घोट्यापर्यंत जायची. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, सध्या दोघींचंही नको. सासूबाईंचा जीव तुटतो म्हणून त्या सांगतात, पण सक्त विश्रांती एक-दोन दिवसच, तीही कळ असह्य असेल तेव्हा. त्याहून जास्त पडून राहिलं की पाठीचे स्नायू ढिले पडतात आणि उठणं आणखी जड जातं.

सूर्यनमस्काराने काय झालं ते सांगते. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर कमरेतून वाकूच नये. त्यात गुडघे ताठ ठेवून वाकलात की दुखावलेली नस दोन्ही टोकांनी ओढली जाते. तो ‘छान ताण’ बऱ्याचदा स्नायूचा नसतो, त्या नसेचा असतो. ती लगेच ओरडत नाही, रात्री ओरडते. पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन, हलासन तूर्त पूर्ण बंद.

तुमच्या हातात एक चांगलं माप आहे: कळ कुठवर जाते. पोटरीतली कळ मांडीत, मग कुल्ल्यात सरकली तर सुधारणा आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ घोट्याकडे उतरली तर जे केलंत ते थांबवा.

या मापावरच आसनं ठरवा. आधी मकरासन: पालथं झोपून, हातांवर डोकं टेकवून दोन-तीन मिनिटं. कळ खाली गेली नाही तर कोपरं खांद्यांखाली आणून छाती उचला, कंबर आणि कुल्ले सैल सोडा, चार-पाच संथ श्वास घ्या, खाली या. असं पाच वेळा, दिवसातून तीनदा. दोन-तीन दिवस हे सोसलं तरच तळहातांवर भार देऊन भुजंगासन करा. हे सासूबाईंना मात्र शिकवू नका. उतारवयात चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकल्यावर बरं वाटतं, ते दुखणं बहुधा मणक्याची नळी अरुंद झाल्याचं असतं. मागे वाकल्याने ते वाढतं.

बाकी दिवसभराचं: एका जागी वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, तीन-चार वेळा चाला. पोळ्या खाली बसून न करता ओट्याशी उभ्याने करा. बादली अर्धीच भरा. काही दिवस कमोड वापरा आणि शौचाला कुंथू नका, पोटातला दाब थेट नसेवर येतो. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी. उठताना आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, मग हाताने रेटून बसा.

शेक पंधरा-वीस मिनिटं, पिशवीला टॉवेल गुंडाळूनच. आणि बधिर भागावर शेक नकोच, चटका बसलेला कळत नाही. पाठीवर पाय देणारे, झटका देऊन नस बसवणारे लांबच ठेवा.

बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा. टाचांवर चालताना उजवा चवडा उचलला जात नसेल तर मात्र त्याच दिवशी जा. आणि शी-शूच्या जागेभोवती बधिर वाटलं, लघवी अडली किंवा नकळत झाली, दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. तिथे काही तासांचा उशीरही कायमचा महागात पडतो.