लेकीला नर्सिंगला टाकू का? रजिस्टर तं काही वेगळंच सांगते

आर्णी तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय, नाव देत नाही. पाच एकर कोरडवाहू, कापूस न् तूर. लेक बारावी सायन्सला. मोठा मुलगा पुण्याला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, घरचा बराचसा खर्च तोच उचलतो, आणि त्याचं म्हणणं की बारावी झाली की पोरीला नर्सिंगला टाकायचं, गावातल्या तीन पोरी लागल्या, पगार सुरू झाला. पोरगी म्हणते मला रक्त पाहून चक्कर येते, मी जात नाही. आई लिहितात, "काकू, कोणाचं ऐकू? दहावीला ६२ टक्केच आहेत तिला. पण बचत गटाचं रजिस्टर तीच पाहते. मागं ९० रुपयाचा फरक येत होता, आम्ही चौघी दुपारभर बसलो, सापडला नाही. ती शाळेतून आली न् म्हणे कुठंतरी आकडे उलटे लिहिले असतील. खरंच एका बाईचे ४५० चे ५४० झाले होते."

ताई, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ९० रुपयापाशीच थांबले.

मी २७ वर्षं शाळेत गणित शिकवलं म्हणून सांगते, हिशोबात दोन आकडे उलटे पडले की फरकाला ९ नं पूर्ण भाग जातो, ७२ चे २७ झाले तं ४५, ४५० चे ५४० झाले तं ९०. हिशोबनीस लोकं फरक आला की पहिले ९ नं भाग जातो का तेच पाहतात. तुमच्या लेकीला हे कोणी शिकवलं? बहुतेक कोणीच नाही, रजिस्टर भरता भरता तिचं तिला दिसलं असेल. उलटा आकडा प्रत्येक वेळी असतोच असं नाही, पण पहिला हात कुठं घालायचा हे तिला कळलं, आणि हे ६२ टक्क्यात दिसत नाही हो. पेपरात विचारलेलं उत्तर लिहायचं असतं, इथं तिनं कोणी न विचारलेली चूक शोधली.

तुम्ही आणखी एक लिहिलंय, पानाच्या शेवटी, घाईघाईत. वेचणीच्या दिवसात संध्याकाळी बाया गाठोडी काट्यावर ठेवतात तेव्हा किलो न् मजुरी तीच लिहिते आणि मोबाईल काढायच्या आत रक्कम सांगते, आणि गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्यानं कट्टी, म्हणजे वजनातली कपात, जास्त धरली तं त्याच्या तोंडावर बोलली. मंग बाया पैशासाठी तिच्याजवळच येतात. ताई, अंगातलं काय ते असंच ओळखायचं असते. न सांगता काय करते, कशात बसली की जेवणाची आठवण राहत नाही, आणि अडल्यावर लोकं कोणत्या कामासाठी तिला हाक मारतात. सरकारनं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या पोरांची कल चाचणी घेतली होती, तसा कागद हाती असला तं चांगलंच, पण चार वर्षं भरलेलं रजिस्टर मला त्याहून मोठं वाटते.

आता चक्करचं. खरं सांगते, नुसती चक्कर येते म्हणून नर्सिंग सोडू नका. बऱ्याच पोरींना पहिल्या पहिल्यांदा येते न् सवयीनं जाते. नर्सिंग हे काम हलकंही नाही, जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, ३ वर्षं मेहनतीची असतात, पेशंटची घाण काढायला, रात्री जागायला माया लागते. तुमच्या पत्रात तिनं आजारी माणसाजवळ बसल्याचं एक वाक्य नाही, हिशोबाची मात्र चार आहेत. म्हणून मी नर्सिंगला नको म्हणते.

पोराला वाईट समजू नका. दर वर्षी कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होते का नाही या काळजीत जो झोपतो त्याला बहिणीसाठी पक्की नोकरीच दिसणार. त्याला "तिला आवड नाही" सांगाल तं तो चिडेल, रस्ता सांगा.

बारावी सायन्स झाली तरी बी.कॉम.ला जाता येते. सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, बारावीनंतर कोणत्याही शाखेतून देता येते, ४ पेपर, प्रत्येकात ४० न् एकूण ५० टक्के लागतात. तिथून पुढं इंटरमिजिएट, फायनल, मधात २ वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणं, आणि तेव्हा स्टायपेंड मिळतो. पण पेपर इंग्रजीत नाहीतर हिंदीत, मराठीत नाही, आणि भल्ले जण दोन-तीनदा नापास होतात, हे पहिलेच माहीत असू द्या. म्हणून मी म्हणते बी.कॉम. पक्कं धरा. कॉमर्सच्या डिग्रीला ५५ टक्के पडले तं फाउंडेशन न देता सरळ इंटरमिजिएटला बसता येते, म्हणजे आज नाही झालं तरी दार बंद होत नाही. डिग्रीवर बँकेच्या परीक्षा आहेत. विदर्भ कोकण ग्रामीण बँक २०२५ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळाली, तिथं क्लार्कच्या जागांना मराठी यावंच लागते, आणि गावातल्या बायांशी बोलता येणारी पोरगी काऊंटरवर असली तं त्या बायांचंही भलं होते. हे सगळं नाही जमलं तरी टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर न् जीएसटी येणाऱ्याला तालुक्यात काम मिळते, छोट्या पगाराचं का होईना.

पण हाव, एक गोष्ट ॲडमिशनच्या आधी करा. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस तिला तालुक्याच्या एखाद्या टॅक्सवाल्याच्या ऑफिसात बसवा, पैसे मागू नका. तिथं बिलं लावायची, नोंदी टाकायच्या, तेच तेच काम असते. गटाच्या रजिस्टरात ओळखीच्या बाया असतात, तिथं अनोळखी दुकानांचे आकडे असतील. आठव्या-नवव्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली की काय बोलते ते ऐका. कंटाळली असली तं तेही खरं, मंग तिचं डोकं आकड्यात आहे का बायांमध्ये ते पाहावं लागेल, आणि मला परत लिहा. पहिले दोन दिवस तुम्ही सोबत जा, ऑफिस कसं आहे, आणखी कोणी बाई बसते का ते डोळ्यानं पाहून या. आणि पोराला फोन कराल तेव्हा ९० रुपयाची गोष्ट पहिले सांगा, मला वाटते त्याला ती माहीतच नसेल.