सहा आठवड्यांच्या पिल्लांत कोंबडा कोणता, तलंग कोणती, आणि जात कशी ओळखायची?

तुमची दहा पिल्लं सहा आठवड्यांची आहेत म्हणता, म्हणजे तुऱ्यावरून आत्ता अंदाज येईल. तुरा वाढून लाल व्हायला लागला, पाय जाड, तो बहुधा कोंबडा. तुरा अजून बारीक, पिवळट, ती तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. पण ह्याच लाल तुऱ्यापायी आमच्या घरी एक तलंग कापली गेली, म्हणून लिहायला बसले.

होळीच्या सुमारास खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेल्या, कोंबडीखाली निघालेली ती तांबडी. पोळ्यापर्यंत तुरा लालभडक झाला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, कोंबडा कापतात. भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, डालग्याखालून नेमकी तिलाच काढली. मी म्हटलं, "भाऊजी, थे तलंग हाय, तिच्या पाठीवरचे पिसं पाहा." तर म्हणाले, "लाल तुरा दिसत नाही काय तुले? बायाईनं अंडे इकावं, पारख आमच्यावर सोडावं."

साफ करायला ती माझ्याच हातात आली. पोटात पिवळ्या बलकांचा घोस होता: काही मोहरीएवढे, काही वाटाण्याएवढे, एक तर लिंबाएवढा. चार-आठ दिवसांत अंड्यावर आली असती. परात तशीच नेऊन भासऱ्यांपुढे ठेवली. ते काही बोलले नाहीत. मी त्या दिवशी जेवले नाही.

अंड्यावर येताना तलंगीचाही तुरा लाल होतो, एवढं साधं आहे. म्हणून तीन महिने झाले की तुरा सोडा आणि शेपटीच्या अलीकडे कमरेवरची पिसं बघा. कोंबड्याची लांब, टोकदार, चकचकीत, दोन्ही बाजूंनी खाली लोंबतात. तलंगीची टोकं गोल असतात. ह्यात मी कधी चुकले नाही.

भासरे अजूनही टोकदार अंड्यात कोंबडा असतो म्हणून गोल अंडी निवडून बसवायला ठेवतात. साफ चूक. अंड्याच्या आकाराचा काही संबंध नाही. कोंबड्यांत नर की मादी हे कोंबडीकडून ठरतं, आणि ते अंडं बाहेर येण्याआधीच ठरलेलं असतं. पिल्लू उलटं लटकवून पाहण्यालाही अर्थ नाही.

जातीचं म्हणाल तर, तुमचं ते काळं पिल्लू विकणाऱ्यानं कडकनाथ म्हणून दिलं ना? त्याची चोच उघडा. जीभ, कातडी, पाय, नखं, सगळं काळपट पाहिजे. तोंड गुलाबी असेल तर ती नुसती काळ्या पिसाची गावरान. कडकनाथ झाबुआकडची जात, 2018 साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. अंडं मात्र काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. बाकीची रंगीबेरंगी आहेत, त्यांच्या रंगावर जाऊ नका. बंगळूरची गिरिराज आणि हैदराबादची वनराज ह्या सुधारित जाती बाजारात सर्रास गावरान म्हणून खपवतात. दोन महिन्यांनी वजन करा. गावरान अर्ध्या किलोच्या आतबाहेर राहते, गिरिराज चांगल्या खाद्यावर किलोकडे जाते. शिवाय ती सहसा खुडूक बसत नाही.

असील ह्या झुंजीच्या जातीचा तुरा मुळातच लहान, म्हणून तुमच्यात असील असेल तर वरचं तुऱ्याचं लागू नाही. आणि कडकनाथाचा संकरही काळा निघू शकतो.

तुमच्या घरी सकाळी दाणे कोण टाकतं? आधी तिला विचारा. आमच्याकडे आता करीच्या आदल्या संध्याकाळी कापायच्या कोंबड्याच्या पायाला मीच सुतळी बांधते, आणि सुतळी नसलेल्याला कोणी हात लावत नाही.